'लक्षात ठेवू का?' असे संगणक विचारतो तेव्हा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

चार-पाच संगणक असलेले कोणतेही छोटे कार्यालय डोळ्यांपुढे आणा. सगळ्यांना लागणाऱ्या फाइली आतल्या खोलीतल्या एका संगणकावर, सामायिक फोल्डरमध्ये ठेवलेल्या असतात. आपल्या टेबलावरून तो फोल्डर उघडायला गेलो की युजरनेम आणि पासवर्ड विचारला जातो. त्याच्याच खाली एक छोटा चौकोन असतो : 'रिमेंबर माय क्रेडेन्शियल्स'. म्हणजे, तुमचे नाव आणि पासवर्ड लक्षात ठेवू का? रोज टाइप करण्याचा कंटाळा, म्हणून आपण तिथे खूण करतो आणि विसरून जातो. आज या खुणेविषयीच बोलायचे आहे.

माझ्या परिचयाच्या एका कार्यालयातली गोष्ट. तिथले मालक एकदा पुढच्या टेबलावरच्या संगणकावर बसले. पगारपत्रक पाहायचे होते. स्वतःचा पासवर्ड घालून त्यांनी फोल्डर उघडला, सवयीने ती खूणही केली, आणि काम झाल्यावर उठून गेले. काही महिन्यांनी लक्षात आले, की कोणाला किती पगार आहे हे सगळ्यांनाच ठाऊक आहे! पासवर्ड चोरल्याचा संशय नव्याने लागलेल्या एका मुलावर गेला. त्याने काहीच केले नव्हते. त्या टेबलावर जो बसेल त्याला तो फोल्डर पासवर्ड न विचारताच उघडत होता.

हे कसे झाले? विंडोजमध्ये साठवलेले पासवर्ड 'क्रेडेन्शियल मॅनेजर' नावाच्या कप्प्यात जातात. २००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीमध्येही असा कप्पा होता, नाव तेवढे वेगळे होते. त्यात पासवर्ड उघडा लिहिलेला नसतो. तो सांकेतिक रूपात असतो आणि तुमच्या लॉगिनशी बांधलेला असतो. त्याच संगणकावर दुसऱ्याने स्वतःच्या वेगळ्या नावाने लॉगिन केले, तर तुमचा साठवलेला पासवर्ड त्याच्या कामी येत नाही. पण तुमच्याच लॉगिनमध्ये कोणी बसला, तर संगणक त्याला तुम्हीच समजतो.

थोडक्यात, आतल्या खोलीची किल्ली तुम्ही बाहेरच्या दारामागच्या खिळ्याला अडकवली. बाहेरच्या दाराला कुलूप असेल तर बिघडत नाही. पण त्या कार्यालयात पुढचा संगणक सगळेजण एकाच नावाने वापरत होते. म्हणजे बाहेरचे दार सताड उघडे! म्हणून पासवर्ड साठवणे चांगले की वाईट, याचे उत्तर त्या संगणकाचे लॉगिन कोणाचे आहे यावर अवलंबून असते.

या किल्ल्या माणसेच शोधतात असे नाही. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमधून पसरलेला 'नॉटपेट्या' हा घातक प्रोग्राम आठवा. विंडोजमधल्या उणिवांचा फायदा तर त्याने घेतलाच. शिवाय संगणकाच्या मेमरीतले पासवर्ड तो गोळा करी, साठवणीच्या कप्प्यातल्या काही नोंदीही चाळी, आणि त्यांच्या जोरावर शेजारच्या संगणकात शिरे. मर्स्क ही डॅनिश जहाज कंपनी त्यात जायबंदी झाली आणि आपल्या न्हावाशेवाच्या बंदरातल्या, त्याच समूहाच्या टर्मिनलचे कामही विस्कळीत झाले.

मोठ्या कार्यालयांत हा प्रश्न बराचसा वेगळ्या रीतीने सोडवतात. तिथे एक मध्यवर्ती संगणक सकाळी तुमची ओळख पटवून घेतो आणि तुम्हाला जणू दिवसभराचा पास देतो. मग प्रत्येक फोल्डरपाशी पासवर्ड द्यावा लागत नाही आणि साठवावाही लागत नाही. पासाची मुदत साधारणपणे दहा तासांची असते. छोट्या कार्यालयात ही व्यवस्था सहसा नसते, म्हणून तिथे खूण करण्याचा मोह अधिक.

काही लिनक्स संगणकांवर मात्र तीन पर्याय पुढे येतात : लगेच विसरा, लॉगआउट होईपर्यंत लक्षात ठेवा, कायम लक्षात ठेवा. सामायिक संगणकावर पहिलाच पर्याय बरा. विंडोजमध्ये एक गोष्ट ध्यानात ठेवा. खूण केली नाही, तरी नुसती खिडकी बंद केल्याने जोडणी लगेच तुटेलच असे नाही. उठण्यापूर्वी लॉगआउट करा.

पासवर्ड बदलतानाही घोटाळा होतो. फोल्डरचा पासवर्ड बदलला, तरी साठवलेला जुना पासवर्ड संगणक पुन्हा पुन्हा देत राहतो. ठरावीक वेळा चूक झाली की खाते बंद पडण्याची व्यवस्था असेल, तर खाते बंद पडते आणि आपण नेटवर्कला दोष देत बसतो! काहीजण पासवर्ड चक्क एखाद्या बॅच फाइलमध्ये लिहून ठेवतात. ती फाइल नोटपॅडमध्ये कोणीही वाचू शकतो. हे तर मुळीच करू नये.

मग करायचे काय? स्टार्ट मेनूत 'क्रेडेन्शियल मॅनेजर' शोधा, त्यात 'विंडोज क्रेडेन्शियल्स' उघडा. साठवलेल्या नोंदींची यादी दिसेल. नको ती नोंद 'रिमूव्ह' करा आणि एकदा लॉगआउट करा. प्रत्येकाला वेगळे लॉगिन द्या. जागेवरून उठताना विंडोजची कळ आणि 'एल' दाबून पडदा बंद करा. ज्याला फक्त वाचायचे आहे त्याला लिहिण्याची परवानगी देऊ नका. आणि कोणी नोकरी सोडून गेला, तर जिथे फोल्डर आहे त्या संगणकावरचे त्याचे खाते बंद करा. टेबलावरची नोंद पुसणे पुरेसे नाही.

त्या कार्यालयात यादी उघडली तेव्हा मालकांचे स्वतःचेच नाव समोर आले. त्यांनी त्या मुलाची सगळ्यांसमोर क्षमा मागितली. तुमच्या कार्यालयात कोणावर संशय घेण्याची वेळ येण्याआधीच ती यादी एकदा पाहून घ्या. पाच मिनिटांचे काम आहे.