विजेच्या तारेवरून इंटरनेट

दळणवळणाच्या कोणत्याही जाळ्यात सर्वाधिक खर्च शेवटच्या टप्प्यावर, म्हणजे प्रत्येक घरापर्यंत तार नेण्यावर होतो. आणि टेलिफोनची किंवा केबलची तार जिथे कधीच पोहोचली नाही अशा असंख्य घरांतही विजेची तार मात्र आधीच पोहोचलेली असते. तीच तार माहितीही वाहून नेऊ शकली, तर रस्ते न खणता आणि नवे खांब न रोवता भिंतीवरच्या साध्या सॉकेटमधून इंटरनेट मिळेल, या कल्पनेने विसाव्या शतकाच्या अखेरीस वीज कंपन्यांना आणि सरकारांना भुरळ घातली. ही कल्पना निराधार नव्हती. परंतु तार घरात आलेली असणे आणि ती या कामाला योग्य असणे यांत किती अंतर आहे, हे उमगायला एक तप उलटले आणि त्यापायी पैसाही बराच गेला.

वीजवाहिनीवरून संदेश पाठवणे ही गोष्ट मुळात जुनी आहे. १९२०च्या दशकातच उच्चदाब वाहिन्यांवरून एका उपकेंद्रातील कर्मचारी दुसऱ्या उपकेंद्राशी बोलू लागले होते, आणि भारतातील वीज मंडळांनीही ‘पीएलसीसी’ या नावाने ही पद्धत अनेक दशके वापरली. उच्चदाब उपकेंद्राच्या आवारात वाहिनी जिथे प्रवेश करते, तिथे जाड तारेच्या वेटोळ्यांचे, पिंपाच्या आकाराचे एक उपकरण टांगलेले दिसते; त्याला ‘वेव्ह ट्रॅप’ म्हणतात, आणि वीज विनासायास पुढे जाऊ देऊन संदेशाच्या लहरी मात्र उपकेंद्राच्या यंत्रसामग्रीत शिरू न देणे हे त्याचे काम असते. या पद्धतीत साधारण ४० ते ५०० किलोहर्ट्झ एवढ्या मर्यादित पट्ट्यात थोडेसे बोलणे आणि संरक्षक यंत्रणेचे इशारे एवढाच मजकूर जात असे, आणि तेवढ्यासाठी ती अत्यंत भरवशाची ठरली.

ब्रॉडबँडसाठी याच तत्त्वाचा विस्तार करण्यात आला. भारतात आणि युरोपात वीज सेकंदाला ५० आवर्तने या गतीने, म्हणजे ५० हर्ट्झ वारंवारितेने वाहते, तर माहितीचे संकेत सुमारे २ ते ३० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, म्हणजे हजारो ते लाखो पटींनी अधिक वारंवारितेवर पाठवले जातात, त्यामुळे एकाच तारेवर दोन्ही नांदू शकतात. त्यांना वेगळे ठेवण्याचे काम कपॅसिटर करतो. १० नॅनोफॅरडचा एक छोटा कपॅसिटर घेतला, तर ५० हर्ट्झच्या विजेला तो तीन लाख ओहमहून अधिक अडथळा करतो आणि १० मेगाहर्ट्झच्या संकेताला जेमतेम दीड ओहमचा. म्हणूनच २३० व्होल्टच्या तारेला जोडलेल्या मोडेममधील नाजूक भाग सुरक्षित राहतात आणि संकेत मात्र बिनदिक्कत आरपार जातो.

खरी अडचण त्यापुढे सुरू होते. मिक्सर सुरू झाला की त्याच्या मोटरच्या ब्रशपाशी सूक्ष्म ठिणग्या उडतात, इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर सेकंदाला शंभर वेळा विजेची लाट कापून पंख्याचा वेग कमी करतो, मोबाइलचे चार्जर आपापल्या परीने गोंगाट ओततात, आणि कोणते उपकरण केव्हा सुरू होईल याचा अंदाज बांधता येत नसल्याने तारेची अवस्था दिवसभर पालटत राहते. यावर अभियंत्यांनी काढलेला तोडगा मात्र मनापासून दाद द्यावी असा आहे. सगळी माहिती एकाच लहरीवर न लादता ती शेकडो अरुंद उपवाहकांवर वाटायची (घरगुती वापराच्या ‘होमप्लग एव्ही’ मानकात अमेरिकेसाठी असे ९१७ उपवाहक आहेत) आणि ज्यांवर गोंगाट वाढेल त्यांवरचा भार तत्काळ कमी करायचा, अशी ही पद्धत आहे. तिला ‘ओएफडीएम’ म्हणतात.

रोहित्र, म्हणजे बोलीभाषेतील डीपी, हा दुसरा अडसर. ५० हर्ट्झसाठी घडवलेले रोहित्र मेगाहर्ट्झमधील संकेत जवळजवळ गिळून टाकते, त्यामुळे प्रत्येक रोहित्राला वळसा घालणारे उपकरण बसवावे लागते. युरोपात एका रोहित्रावर शेकडो घरे असल्याने हा खर्च वाटला जातो. अमेरिकेत मात्र एका छोट्या रोहित्रावर अनेकदा मोजकीच घरे असतात आणि हिशेब कोलमडतो.

सर्वांत गंभीर प्रश्न उत्सर्जनाचा होता. टेलिफोनच्या दोन तारा एकमेकींना पीळ घालून जातात, त्यामुळे एकीतून बाहेर पडणाऱ्या लहरी दुसरीतून पडणाऱ्या लहरींना बऱ्याच अंशी नाहीशा करतात; खांबावरच्या वीजतारा मात्र उघड्या आणि परस्परांपासून दूर असतात. १० मेगाहर्ट्झची तरंगलांबी ३० मीटर असते, म्हणजे दोन खांबांमधील अंतराशी तुलना करता येण्याजोगी, आणि म्हणून अशी तार नकळत अँटेना बनते. हाच पट्टा लघुलहरी प्रसारणाचा आणि ‘हॅम’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या हौशी रेडिओचालकांचा आहे. त्यांच्या तक्रारीला छंदिष्टांचा हट्ट समजणे अन्यायाचे ठरेल, कारण २००४च्या त्सुनामीत अंदमानातील संपर्कयंत्रणा कोसळली असता बाहेरच्या जगाशी संपर्क राखण्यात याच मंडळींचा मोठा वाटा होता. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने २००४ मध्ये या तंत्रज्ञानाला अनुकूल नियम केले, तेव्हा हौशी रेडिओचालकांची संघटना ‘एआरआरएल’ न्यायालयात गेली. आणि आयोगाने आधारभूत अभ्यासांतील काही मजकूर दडवून ठेवला व उत्सर्जनाच्या गणिताचे पुरेसे समर्थन दिले नाही, असे म्हणत २००८ मध्ये न्यायालयाने त्या नियमांचा काही भाग फेरविचारासाठी परत पाठवला.

व्यवहारातही यश दुरावत गेले. इंग्लंडमधील मँचेस्टर परिसरात नॉरवेब या वीज कंपनीने नॉर्टेलच्या साहाय्याने १९९७ मध्ये सेकंदाला १ मेगाबिट वेगाची घोषणा केली; तेव्हाच्या डायल-अप जोडणीच्या तुलनेत हा वेग विलक्षण होता, तरीही १९९९ मध्येच तो प्रकल्प गुंडाळण्यात आला. व्हर्जिनियातील मॅनासस शहराने २००५ मध्ये नगरपालिकेच्या मालकीच्या वीजतारांवरून शहरभर सेवा सुरू केली आणि काही काळ ते शहर साऱ्या अमेरिकेत उदाहरण म्हणून गाजले. परंतु २०१० मध्ये तोट्यामुळे सेवा बंद झाली तेव्हा तिच्याकडे पाचशेच्या आसपासच घरगुती ग्राहक उरले होते. दरम्यानच्या काळात टेलिफोनच्या तारेवरील डीएसएल आणि केबल यांचे वेग वाढत गेले होते व दर उतरत होते, आणि ज्या दुर्गम खेड्यांना वीजतारेवरील इंटरनेटची खरी निकड होती, तिथे क्षीण होणाऱ्या संकेताला उचलून पुढे पाठवणारी उपकरणे ठरावीक अंतरांवर बसवणे परवडणारे नव्हते.

तंत्र मात्र संपलेले नाही. ते आपल्या ताकदीएवढ्या कामांकडे वळले आहे. जाड भिंतींमुळे वाय-फाय पोहोचत नाही अशा खोलीत सॉकेटला लावायचे ॲडॉप्टर बाजारात मिळतात. फ्रान्समधील ‘लिंकी’ हे वीजमीटर, ज्यांची संख्या साडेतीन कोटींच्या आसपास आहे, १०० किलोहर्ट्झखालच्या पट्ट्यात वीजतारेवरूनच आपले वाचन रोहित्रापाशी असलेल्या उपकरणाला कळवतात. मीटरला वेग लागत नाही, आणि एवढ्या कमी वारंवारितेवर उत्सर्जनही त्रासदायक ठरत नाही. वीज कंपन्यांचे इंटरनेटशी नातेही टिकले, पण वेगळ्या रूपाने: पॉवरग्रिडसारख्या कंपन्या पारेषण मनोऱ्यांच्या माथ्यावरील, आकाशातील विजेच्या आघातापासून संरक्षण देणाऱ्या भूतारेच्या गाभ्यातच प्रकाशतंतू घालतात आणि दूरसंचार सेवेसाठी ते भाड्याने देतात. विद्युत मोटारींच्या ‘सीसीएस’ जलद चार्जिंगमध्येही बॅटरीला किती व्होल्ट आणि किती अँपिअर हवेत हे ठरवण्यासाठी मोटार आणि चार्जर यांच्यात जो संवाद चालतो, तो होमप्लगच्याच एका सौम्य आवृत्तीत होतो. मात्र तो शेकडो अँपिअर वाहणाऱ्या जाड तारांवरून नेला जात नाही, त्यासाठी त्याच प्लगमध्ये एक स्वतंत्र बारीक तार दिलेली असते.