जस्ताचे काटे आणि मधला पडदा

नागझिऱ्यात अंधार पडला की बॅटरीशिवाय मला पाऊल उचलवत नाही. (आमच्याकडे टॉर्चलाच बॅटरी म्हणतात; खरी बॅटरी म्हणजे ‘सेल’!) साध्या सेलचे डबडे जस्ताचे, आत काळी भुकटी आणि दोहोंमध्ये खळ लावलेला कागद. हा कागद आयनांना वाट देतो, पण जस्त आणि भुकटी यांना एकमेकांना टेकू देत नाही.

सेल वापरून फेकायचा असेल तर एवढे पुरते. तो पुन्हा चार्ज करायचा म्हटले की विरघळलेले जस्त परत सपाट बसत नाही. जिथे जरासा उंचवटा, तिथेच ते अधिक साचते आणि बाभळीसारखे काटे वाढतात. काटा पलीकडे टेकला की सेल आतल्या आत शॉर्ट. फ्रेंच संशोधक आंद्रे यांनी १९४१ च्या सुमारास चांदी-जस्ताच्या सेलमध्ये सेलोफेन घातला, तेव्हा कुठे तो पुन्हा पुन्हा चार्ज करण्याजोगा झाला.

पडदा जाड केला तर काटा उशिरा भेदतो खरा, पण आतला रोध वाढतो. मला दुसरी वाट पटते : छिद्रे बारीक आणि एकसारखी ठेवावीत, म्हणजे आयन सगळीकडे सारखे पोहोचतात आणि काटा उगवायलाच वेळ लागतो. असे पडदे सेल्युलोजच्या अतिसूक्ष्म तंतूंपासून करून पाहिले जात आहेत. सेल्युलोज, म्हणजे इथल्या बांबूत असते तेच.