आज्ञा आणि पोच : सभागृहातील दूरनियंत्रण

जिल्ह्याच्या सभागृहांत, प्रशिक्षण केंद्रांत आणि शाळांत प्रोजेक्टर, ध्वनिक्षेपक, विजेवर चालणारा पडदा यांसारखी दृक्-श्राव्य साधने आता नित्याची झाली आहेत. ही साधने एकच बटण दाबून किंवा दूरच्या कार्यालयातून आलेल्या संदेशावरून क्रमाने चालविण्याचे काम नियंत्रक करतो. नियंत्रक हा एक छोटा संगणकच असतो. कोणता संदेश आला असता कोणत्या क्रिया कोणत्या क्रमाने करावयाच्या, हे त्यास आधी नेमून देणे म्हणजे आज्ञावली तयार करणे होय.

‘सभा सुरू’ असा संदेश आला की पडदा उतरावा, प्रोजेक्टर लागावा आणि संगणकाचे चित्र त्यावर यावे, अशी अपेक्षा असते. परंतु दिव्याच्या प्रोजेक्टरला तापण्यास अवधी लागतो. त्या अवधीत चित्र निवडण्याची आज्ञा दिल्यास ती बहुधा वाया जाते. बंद करतानाही तो पंख्याने थंड होईपर्यंत वीजपुरवठा तोडणे दिव्यास हितावह नसते. म्हणून आज्ञावलीत क्रमाइतकेच वेळेलाही महत्त्व आहे.

याहून महत्त्वाचा प्रश्न पोचेचा आहे. अवरक्त किरणांच्या रिमोटने दिलेली आज्ञा एकतर्फी असते. ती पोहोचली किंवा नाही, हे नियंत्रकास कळत नाही. चालू आणि बंद करण्यास एकच संकेत असेल, तर आधीच चालू असलेले साधन नेमके सभेच्या वेळी बंद पडते. याउलट, केबल अथवा संगणकजाळ्यातून जोडलेली अनेक साधने उत्तर देतात. पीजेलिंक या प्रचलित पद्धतीत प्रोजेक्टरला स्थिती विचारता तो अंकाने उत्तर देतो : ० म्हणजे बंद, १ म्हणजे चालू, २ म्हणजे थंड होत आहे आणि ३ म्हणजे तापत आहे. ‘१’ हे उत्तर आल्यानंतरच पुढील आज्ञा द्यावी. ठरावीक वेळेत ते न आल्यास मर्यादित वेळा पुन्हा प्रयत्न करून कर्मचाऱ्यास सूचना जावी, अशी तजवीज असावी.

आगीची सूचना मिळताच सभागृहातील भाषण अथवा संगीत तत्काळ थांबले पाहिजे. अन्यथा धोक्याची घंटा उपस्थितांना ऐकू येणार नाही. ही क्रिया इतर सर्व आज्ञांच्या वर ठेवावी आणि तिची वेळोवेळी प्रत्यक्ष चाचणी घ्यावी.

दूरून येणारा प्रत्येक संदेश अधिकृत व्यक्तीचाच असतो, असे नाही. यास्तव परवलीचा शब्द आवश्यक ठरतो. तसेच नियंत्रक बिघडला तरी साधने हाताने चालविता यावीत, अशी सोय ठेवली पाहिजे. यंत्रणा ताब्यात घेताना ग्रामपंचायतींनी व शाळांनी केवळ साधनांची संख्या मोजून भागणार नाही. प्रत्येक आज्ञेची पोच येते काय, हेही समक्ष पाहून घेणे अगत्याचे आहे.