थेरपीच्या खोलीत राजकारण येतं तेव्हा

निवडणुकीचे दिवस असले, आरक्षणाचं आंदोलन पेटलेलं असलं किंवा शहरात दंगल होऊन गेलेली असली, की समुपदेशकाच्या खोलीतलं बोलणं बदलतं. एरवी झोप, चिडचिड, घरातला अबोला यांबद्दल सांगणारा माणूस टीव्हीवरच्या चर्चेवर येतो. फॅमिली ग्रुपवर काकांनी टाकलेल्या फॉरवर्डवरून झालेलं भांडण, मुलाने वडिलांशी बंद केलेलं बोलणं, आडनाव ऐकून नाकारलेली भाड्याची जागा, हे सगळं त्या तासाभरात येतं. आणि मग एखादा क्लायंट सरळ विचारतो, ‘मॅडम, तुम्ही कोणाच्या बाजूच्या?’

यावर दोन उत्तरं पटकन सुचतात. ‘इथे राजकारण नको’ असं सांगून विषय बंद करायचा, किंवा मोकळेपणाने आपलं मत सांगून टाकायचं. दोन्हींत नुकसान समोरच्या माणसाचंच होतं. क्लायंटच्या आयुष्यात राजकारण असेल, तर त्याच्या थेरपीत ते यायलाच हवं. मात्र तो तास थेरपिस्टची मतं पसरवण्यासाठी वापरला जाता कामा नये. थेरपिस्टला मतं असावीत, ती ठाम असावीत. ती मांडण्याची जागा मात्र ती खोली नव्हे.

ब्लिदाच्या रुग्णालयात

हे किती कठीण असू शकतं, हे फ्रान्झ फॅनॉन यांच्या अनुभवातून कळतं. मार्टिनिक बेटावर जन्मलेले हे कृष्णवर्णीय मानसोपचारतज्ज्ञ १९५३ साली अल्जीरियातल्या ब्लिदा-जॉइनव्हिल मनोरुग्णालयात रुजू झाले. पुढच्याच वर्षी फ्रेंच सत्तेविरुद्ध स्वातंत्र्ययुद्ध पेटलं. फॅनॉन यांची सहानुभूती स्वातंत्र्यसैनिकांकडे होती आणि ते त्यांना गुपचूप मदतही करत. पण त्यांच्याकडे छळ सोसलेले अल्जीरियन जसे येत, तसेच छळ करणारे फ्रेंच पोलीसही येत. या रुग्णांच्या हकिगती त्यांनी ‘द रेचेड ऑफ द अर्थ’ या १९६१च्या पुस्तकात, ओळख झाकून, लिहून ठेवल्या आहेत.

त्यातला एक तरुण पोलीस रात्री किंकाळ्या ऐकू येतात म्हणून खिडक्या लावून घ्यायचा, कानात कापूस घालायचा. फॅनॉन त्याला रुग्णालयात भरती न करता आपल्या घरी तपासत. एकदा फॅनॉन तातडीच्या कामासाठी बाहेर गेलेले असताना तो रुग्णालयाच्या आवारात फिरायला गेला. फॅनॉन परतले तेव्हा तो झाडाला टेकून, घामाने निथळत उभा होता. त्याने ज्याला छळलं होतं असा एक अल्जीरियन रुग्ण त्याला तिथे दिसला होता. त्याला औषध देऊन शांत केल्यावर फॅनॉन यांनी त्या अल्जीरियन रुग्णाची चौकशी केली. तो स्वच्छतागृहात जीव देण्याच्या प्रयत्नात सापडला. पोलीस आपल्याला पुन्हा न्यायला आलेत, असं त्याला वाटलं होतं. पोलीस इथे येऊच शकत नाहीत, तुम्हाला भास झाला, अशी त्याची समजूत घालायला कर्मचाऱ्यांना बराच वेळ लागला.

एकाच डॉक्टरच्या देखरेखीखाली, एकाच आवारात हे दोघे होते. फॅनॉन यांनी त्या पोलिसाला हाकलून दिलं नाही. त्याच्यातला त्रासलेला माणूस त्यांनी पाहिला.

पण तिथेच दुसरा एक पोलीस अधिकारी वेगळीच मागणी घेऊन आला. तो घरी बायकोला आणि मुलांना मारू लागला होता, आणि हे आपल्या ‘कामामुळे’ होतंय हे त्याला पक्कं ठाऊक होतं. ते काम सोडायची त्याची तयारी नव्हती. मनाला टोचणी न लागता, शांतपणे छळ करत राहता यावा म्हणून मदत करा, असं त्याचं मागणं होतं.

माणसाला स्वीकारणं आणि त्याचं उद्दिष्ट स्वीकारणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. थेरपिस्ट कुणाही माणसासमोर बसू शकतो. पण दुसऱ्याला इजा करण्याची क्षमता वाढवणं हे उपचाराचं उद्दिष्ट होऊ शकत नाही, मग ती मागणी कुठल्याही पक्षाच्या माणसाकडून येवो. १९५६च्या अखेरीस फॅनॉन यांनी राजीनामा दिला आणि वसाहतवादी सत्तेबद्दल जे म्हणायचं होतं ते सरकारला लिहिलेल्या त्या पत्रात म्हटलं. लगेच पुढच्या जानेवारीत त्यांना अल्जीरिया सोडावा लागला. राजीनामा देताना आपलं राजकारण त्यांनी लपवलं नाही, पण समोर बसलेल्या रुग्णावर ते कधी लादलंही नाही.

मतभेद हा आजार नव्हे

मत लादण्याचा आणखी एक प्रकार आहे, तो म्हणजे विरोधकाला वेडा ठरवणं. १९६४ साली अमेरिकेत बॅरी गोल्डवॉटर अध्यक्षपदाची निवडणूक लढवत होते. ‘फॅक्ट’ या नियतकालिकाने १२,३५६ मानसोपचारतज्ज्ञांना विचारलं, हे गृहस्थ मानसिकदृष्ट्या या पदाला लायक आहेत का? २,४१७ जणांनी उत्तरं पाठवली आणि त्यांतल्या १,१८९ जणांनी ‘नाही’ म्हटलं, तेही त्यांना कधी न तपासता. गोल्डवॉटर यांनी बदनामीचा खटला भरला आणि तो जिंकला. त्यानंतर १९७३ साली अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने नियम केला, की न तपासलेल्या सार्वजनिक व्यक्तीच्या मनःस्थितीबद्दल निदान जाहीर करायचं नाही. तो ‘गोल्डवॉटर नियम’ म्हणूनच ओळखला जातो.

सोव्हिएत संघात याहून भयंकर घडलं. तिथे ‘मंदगती स्किझोफ्रेनिया’ अशा निदानाच्या व्याख्येत सुधारणेचा ध्यास हेही लक्षण म्हणून बसवलं गेलं आणि सत्तेला प्रश्न विचारणाऱ्यांना मनोरुग्णालयांत डांबण्यात आलं. जीवशास्त्रज्ञ झोरेस मेदवेदेव यांना १९७० साली असंच कोंडलं गेलं. शास्त्रज्ञ आणि लेखकांनी आवाज उठवल्यावर त्यांची सुटका झाली.

आपल्या २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने या धोक्याविरुद्ध स्पष्ट तरतूद केली आहे. कलम ३ सांगतं, की एखाद्याची राजकीय, आर्थिक वा सामाजिक स्थिती पाहून, किंवा समाजातल्या रूढ राजकीय आणि नैतिक मूल्यांशी त्याचं पटत नाही म्हणून, त्याला मानसिक आजार आहे असं ठरवता येणार नाही. म्हणून ‘आमचा मुलगा मोर्चांना जायला लागलाय, याचं डोकं ठिकाणावर आणा’ असं म्हणत आई-वडील आले, तर थेरपिस्टने मुलाचं मत ‘दुरुस्त’ करायला घ्यायचं नसतं. घरातला ताण, मुलाची झोप, त्याची सुरक्षितता, दोन पिढ्यांमधलं तुटलेलं बोलणं, यांवर काम करायचं असतं.

‘तुम्ही मत कोणाला देता?’

अशा वेळी खोलीत काय घडावं? समजा, तिशीतला एक इंजिनिअर आहे. वडिलांशी राजकारणावरून वाजलं आणि बोलणं थांबलं. तो म्हणतो, ‘मॅडम, आधी सांगा, तुम्ही मत कोणाला देता?’

‘ते मी सांगत नाही. का, तेही सांगते. माझं मत कळलं, तर तुम्ही इथे ते सांभाळून बोलायला लागाल. पण हे आज विचारावंसं का वाटलं?’

तो गप्प राहतो. मग म्हणतो, ‘तुम्हीही बाबांसारख्याच निघालात तर?’

‘तर काय होईल?’

‘तुम्हीही मला मूर्खात काढाल.’

खरं दुखणं इथे हाताला लागलं. थेरपिस्टने उत्तरात पक्षाचं नाव घेतलं असतं, तर एक तर दोघांची युती झाली असती किंवा दोघांत भिंत उभी राहिली असती. युतीचा मोह मोठा असतो. २०१६च्या अध्यक्षीय निवडणुकीनंतर अमेरिकेत निली सोलोमोनोव्ह आणि जाक बार्बर या संशोधकांनी सहाशेहून अधिक क्लायंटचं सर्वेक्षण केलं. बहुतेकांच्या सेशनमध्ये राजकारणावर बोलणं झालं होतं आणि बऱ्याच जणांना ते आणखी व्हायला हवं होतं. ज्यांना आपला थेरपिस्ट आपल्याच विचारांचा वाटत होता, त्यांना त्याच्याशी असलेलं नातंही अधिक घट्ट वाटत होतं. मात्र सूर जुळल्याचं सुख वेगळं आणि बरं होणं वेगळं. दोघे मिळून तासभर वडिलांच्या पक्षाला नावं ठेवत बसले, तर मुलगा हलका होऊन बाहेर पडेल, पण घरी पोचल्यावर त्याच जागी असेल.

दुसऱ्या टोकालाही चूक होते. जातीवरून किंवा धर्मावरून घर नाकारलेल्या तरुणीला ‘दोन्ही बाजू समजून घ्या’ म्हणणं ही तटस्थता नव्हे, तिच्यावर पुन्हा केलेला अन्याय आहे. तिच्या अस्वस्थतेचं कारण तिच्या विचारांत शोधण्याआधी ‘हे तुमच्या बाबतीत चुकीचं घडलं’ असं स्वच्छ शब्दांत म्हणावं लागतं. असं म्हणणं म्हणजे कुठल्या पक्षाचा प्रचार नव्हे. ते वास्तव मान्य करणं आहे.

सीमा आणि जबाबदारी

क्लायंट थेरपिस्टच्याच समाजाबद्दल विखारी बोलू लागला तर? आतून संताप येणारच. तो आला हे स्वतःशी मान्य करणं आणि सुपरव्हिजनमध्ये ज्येष्ठ सहकाऱ्यापुढे मांडणं हे व्यावसायिक कर्तव्य आहे. क्लायंटचं दुःख ऐकूच येईनासं झालं, तर त्याला न दुखावता दुसऱ्या थेरपिस्टकडे पाठवणं अधिक प्रामाणिकपणाचं ठरतं. कोणाला इजा करण्याचा खरा बेत कळला, तर गोपनीयतेलाही मर्यादा आहे. मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम २३ दुसऱ्याला हिंसेपासून वाचवण्यासाठी आवश्यक तेवढीच माहिती देण्याची मुभा देतं. एरवी क्लायंटची राजकीय मतं त्या खोलीबाहेर जाता कामा नयेत, आणि लेखी नोंदींतही कामापुरतीच असावीत.

एवढा कडक संयम थेरपिस्टकडूनच का मागायचा? कारण तिथे दोघांची ताकद सारखी नसते. एक जण आपली सगळ्यात नाजूक गोष्ट उघडी करून बसलेला असतो, आणि दुसऱ्याच्या शब्दाला त्याच्या लेखी औषधाचं वजन असतं. कट्ट्यावर मित्राने दिलेलं मत खोडून काढता येतं, थेरपिस्टचं मत मनात घर करतं.

म्हणून वाचकहो, पहिल्याच भेटीत विचारा: ‘माझी मतं तुमच्यापेक्षा वेगळी असली तर तुम्ही काय कराल?’ विचारल्याबद्दल जो चिडणार नाही, विषय झटकणार नाही आणि आपली पद्धत शांतपणे सांगेल, त्याच्याकडे पुढच्या भेटीला जायला हरकत नाही. आणि मानसशास्त्राच्या अभ्यासक्रमांत राजकारण हा टाळायचा विषय न राहता, थेरपीसारखाच सराव करून शिकवला जावा. आपल्या घरांत राजकारणाने पाडलेल्या भेगा इतक्या खोल आहेत, की त्या हाताळण्याचं प्रशिक्षण न घेतलेला थेरपिस्ट आज अर्धवट शिकलेलाच म्हणावा लागेल.