चित्रपटाची विद्या आणि घरचीं माणसें

मुलगा अथवा मुलगी पदवीची परीक्षा चांगल्या रीतीनें उत्तीर्ण होते, वडील मंडळी नोकरीचा विचार करूं लागतात, आणि नेमक्या त्याच वेळीं तें मूल शांतपणें सांगतें कीं, मला आणखी तीन वर्षें चित्रपट शिकावयाचा आहे. हल्लीं हा प्रसंग कित्येक सुशिक्षित कुटुंबांत येऊं लागला आहे. त्यावर घरांत दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, कला ही अंगचीच असावी लागते, शिकवून येत नाहीं. मग ऐन उमेदीचीं वर्षें कशाला दवडावयाचीं? दुसरा म्हणतो, आवड आहे तर जाऊं द्या, पुढचें पुढें. शिक्षकाच्या पेशांत आयुष्य गेलेल्या मला हे दोन्ही पक्ष अर्धवट वाटतात. या प्रश्नाला विद्येची एक बाजू आहे आणि घराची एक बाजू आहे. दोन्ही पाहिल्याशिवाय होकारहि देऊं नये आणि नकारहि देऊं नये.

पहिल्या पक्षाचा आवडता दाखला दादासाहेब फाळके यांचा. त्यांनीं १९१३ सालीं ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढें आणला तेव्हां चित्रपट शिकविणारी शाळा आपल्या देशांत नव्हती, हें खरें. परंतु फाळके शिकले नव्हते असें मात्र नव्हे. त्र्यंबकेश्वरच्या एका शास्त्र्यांचे हे चिरंजीव १८८५ सालीं मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत दाखल झाले. पुढें बडोद्याच्या कलाभवनांत त्यांनीं चित्रकला व छायालेखन यांचा अभ्यास केला, मुद्रणाचा व्यवसाय केला, त्यांतील नवें तंत्र पाहण्यासाठीं जर्मनीस जाऊन आले, आणि १९१२ सालीं विलायतेंत सेसिल हेपवर्थ यांच्याकडे चित्रपटाचें काम प्रत्यक्ष पाहून आले. हिशेब केला तर ही सत्तावीस वर्षांची विद्यार्थिदशा होते. फाळक्यांनीं जें देशोदेशीं हिंडून गोळा केलें, तें आज एका आवारांत, एका क्रमानें मिळूं शकतें. उच्च शिक्षणाचा अर्थ तरी याहून निराळा काय आहे? भरतमुनींनीं देखील नाट्यवेद आधीं आपल्या शंभर पुत्रांस शिकविला आणि मग प्रयोग केला, अशी नाट्यशास्त्राच्या आरंभींच कथा आहे.

असें एक आवार आपल्या पुण्यांतच आहे. १९२९ सालीं कोल्हापुरांत निघालेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ सालीं पुण्यास आली. ज्याची व्हेनिसच्या महोत्सवांत वाखाणणी झाली तो ‘संत तुकाराम’ (१९३६) याच जागेंत तयार झाला. स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें १९५१ सालच्या अहवालांत चित्रपट-शिक्षणाची संस्था असावी अशी शिफारस केली. आणि प्रभात बंद पडल्यानंतर मध्यवर्ती सरकारनें १९६० सालीं त्याच जागीं फिल्म इन्स्टिट्यूट उघडली. १९७४ सालीं दूरचित्रवाणीचें शिक्षणहि तेथें आलें. ग्रंथालयावांचून जसें विद्यालय नाहीं, तसें जुन्या चित्रपटांवांचून हें शिक्षण नाहीं. ती सोय १९६४ सालीं पुण्यांतच निघालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयानें झाली. २०२५ सालीं या संस्थेस अभिमत विद्यापीठाचा दर्जाहि मिळाला.

तेथें शिकवितात तरी काय? दिग्दर्शन, छायालेखन, संकलन, ध्वनि, कलादिग्दर्शन अशा निरनिराळ्या शाखा आहेत. प्रवेश पदवीनंतर, अखिल भारतीय परीक्षा देऊन मिळतो. आणि एकेका शाखेंत विद्यार्थी जेमतेम दहा-बारा असतात. शब्दांचा आधार न घेतां केवळ चित्रांनीं गोष्ट सांगणें, मग संवाद, मग गीत, अशा लहान पाठांपासून अभ्यास चढत जातो. शेवटीं निरनिराळ्या शाखांचे विद्यार्थी मिळून एक लघुपट तयार करतात. उमेश कुलकर्णी यांचा ‘गिरणी’ हा असाच विद्यार्थिदशेंतला लघुपट. घरांत आलेली पिठाची गिरणी आणि तिच्या घरघरीनें त्रासलेला एक मुलगा, एवढाच विषय. पण तो आवाज ऐकतां ऐकतां मुलाचें मन आपणांस कळूं लागतें. त्यास राष्ट्रीय पारितोषिक मिळालें, आणि त्याच दिग्दर्शकाचा ‘देऊळ’ (२०११) पुढें सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून राष्ट्रीय सन्मानास पात्र झाला.

माझ्या मतें या शिक्षणाचें सार यंत्र चालविण्यांत नाहीं. यंत्र आतां प्रत्येकाच्या खिशांत आहे. सार आहे तें सहाध्यायांत. आपण केलेलें काम दहा जाणत्या डोळ्यांपुढें ठेवावयाचें, त्यांनीं त्यांतील खोट काढावयाची, आणि रागावून उठून न जातां तें पुन्हा करावयाचें, ही संवय एकट्याला घरीं बसून लागत नाहीं. विद्यापीठाच्या पाठशाळांतून वादानें जें साधत असे, तेंच या आवारांतील एका आंब्याच्या झाडाखालीं साधतें. विद्यार्थ्यांनीं त्या झाडाला ज्ञानवृक्ष असेंच नांव दिलें आहे. ऋत्विक घटक हे १९६० नंतरच्या दशकांत तेथें शिकवीत असत. मणि कौल, कुमार शहानी, जॉन अब्राहम हे त्यांचे विद्यार्थी. तिघांच्या चित्रपटांत परस्परसाम्य मात्र नाहीं. शिष्यांना आपली प्रतिकृति न बनवणारा गुरु, हीच गुरूची कसोटी होय.

आतां ‘स्वतंत्र चित्रपट’ या शब्दाकडे वळूं. मोठी कंपनी, नामांकित नट आणि वितरकांची मर्जी यांवर न विसंबतां जो काढला जातो तो स्वतंत्र चित्रपट. पुष्कळांचा समज असा कीं, स्वतंत्र काम करणाराला शिक्षण थोडें पुरतें. वस्तुस्थिति उलट आहे. मोठ्या कंपनींत एकाची चूक दुसरा सांवरतो, आणि वाया गेलेला दिवस पैशानें भरून काढतां येतो. स्वतंत्र निर्मात्याची थैली लहान. त्याचा एक दिवस फुकट गेला तर कथेंतील एक प्रसंगच जातो. म्हणून प्रकाश, ध्वनि, संकलन आणि जमाखर्च या सर्वांची जाण त्याला स्वतःला असावी लागते.

येथें घराची बाजू सुरू होते. अडूर गोपालकृष्णन यांनीं १९६५ सालीं पुण्याचें शिक्षण संपविलें आणि केरळांत जाऊन मित्रांसह चित्रलेखा ही सहकारी संस्था उभारली. त्यांचा पहिला कथापट ‘स्वयंवरम्’ निघाला १९७२ सालीं. त्यास सर्वोत्कृष्ट चित्रपटाचें राष्ट्रीय पारितोषिक मिळालें, परंतु मध्यें सात वर्षें गेलीं. याच संस्थेच्या विद्यार्थिनी पायल कपाडिया यांच्या, मुंबईंतील परिचारिकांवरील चित्रपटास २०२४ सालीं कान येथें ग्रां प्री हा मोठा सन्मान मिळाला. त्या चित्रपटासहि द्रव्य अनेक देशांतून जमवावें लागलें. तेव्हां पदविका हातीं आली कीं पगार सुरू झाला, असा हा मार्ग नाहीं. संकलन, ध्वनि, छायालेखन या शाखांतील माणसाला काम त्या मानानें लवकर मिळतें. स्वतःचा चित्रपट काढूं पाहणाराला वाट पाहावी लागते.

ती वाट पाहण्याचा खर्च कोण करतो? घर करतें. फाळक्यांनीं आपली विम्याची पॉलिसी गहाण टाकली, ही गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. परंतु सरस्वतीबाई फाळके यांनीं कच्च्या फितीला भोंकें पाडण्यापासून ती धुण्यापर्यंत कामें केलीं आणि शिवाय सगळ्या मंडळींचा स्वयंपाक सांभाळला, याचा उच्चार फार थोडे करतात. आपल्या देशांतील पहिल्या स्वतंत्र चित्रपटाचा कारखाना म्हणजे दादरचें एक नांदतें घर होतें. ‘स्वतंत्र’ म्हणविणारा कलावंत कोणावर तरी अवलंबून असतोच; तो कोणावर आणि किती वर्षें, हें आधीं स्पष्ट बोललें जावें, एवढेंच माझें सांगणें आहे. तें बोललें न गेल्यास भार नकळत घरांतील एकाच व्यक्तीवर पडतो, आणि ती बहुधा स्त्रीच असते.

म्हणून असा प्रसंग आला तर वडीलधाऱ्यांनीं ‘यांत पैसा किती?’ असें प्रथम विचारूं नये. आजवर हातीं घेतलेलें काय तडीस नेलेंस, दुसऱ्याच्या सूचनेवरून आपलें काम कधीं बदललेंस काय, आणि या विद्येंतील कोणत्या शाखेवर पोट भरतां येईल याचा विचार केलास काय, हें विचारावें. उत्तरें समाधानकारक आलीं, तर घरांतील सर्वांनीं, सुनांनींसुद्धां, एकत्र बसून शिक्षणाच्या तीन वर्षांचा आणि त्यापुढील चार-पांच वर्षांचा खर्च कागदावर मांडावा. तो झेपणारा नसेल तर तसें मुलास स्वच्छ सांगावें. झेपणारा असेल तर मुलास आनंदानें पाठवावें, आणि त्या वर्षांत जेवणाच्या पानावर त्याचा हिशेब काढूं नये.