लेसरचं काम, तारेचं काम

‘मूळव्याधीवर लेसर उपचार’ अशा पाट्या आता लहान शहरांतही दिसतात. त्यामुळे कोलोनोस्कोपीत, म्हणजे दुर्बिणीच्या तपासणीत, मोठ्या आतड्यात पॉलिप सापडला, की नातेवाईक हमखास विचारतात, ‘डॉक्टर, लेसरनं नाही का होणार?’ उत्तर बहुधा नकाराचं असतं, आणि त्याला कारणही पक्कं आहे.

पॉलिप म्हणजे आतड्याच्या अस्तरावर वाढलेला मांसल कोंब. बरेचसे निरुपद्रवी असतात. ॲडेनोमा जातीच्या काहींचा मात्र, बहुधा दहाएक वर्षांत, कर्करोग होऊ शकतो. कोणाचा काय, हे सूक्ष्मदर्शकाखालीच ठरतं. लेसर गाठ जाळून टाकतो, मग पॅथॉलॉजिस्टकडे पाठवायचं काय? म्हणून डॉक्टर तारेचा फास वापरतात. पॉलिपच्या देठाभोवती तो आवळायचा, तारेत वीज सोडायची, आणि कापलेला तुकडा बाहेर काढायचा. हिरोमी शिन्या यांनी न्यूयॉर्कमध्ये १९६९ साली हे कोलोनोस्कोपमधून करून दाखवलं. अस्तराला कापल्याची वेदना कळत नाही. आतडं हवेनं ताणलं की दुखतं.

सूक्ष्मदर्शकाखालच्या या तपासणीचं मोल अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्या बाबतीत दिसलं. जुलै १९८५ मध्ये त्यांचा मोठा पॉलिप दुर्बिणीतून निघण्याजोगा नव्हता. शस्त्रक्रियेत सुमारे दोन फूट आतडं काढलं, आणि त्यात कर्करोग असल्याचं दोन दिवसांनी अहवालातून कळलं.

मग लेसर कुठे लागतो? बारामतीत जन्मलेल्या, पुण्यात इंजिनिअर झालेल्या कुमार पटेल यांनी १९६४ मध्ये अमेरिकेच्या बेल लॅबोरेटरीजमध्ये कार्बन डायऑक्साइड लेसर बनवला. शल्यचिकित्सेत तो गाजला, पण त्याचा किरण साध्या काचतंतूतून जात नाही. त्याच प्रयोगशाळेत त्याच वर्षी तयार झालेल्या एनडी-याग लेसरचा जातो. त्यामुळे दुर्बिणीतून आतड्यात पोचला तो हा दुसरा.

त्याचा खरा उपयोग झाला तो थकलेल्या रुग्णांना. गुदाशयातल्या गाठीनं वाट अडवलेली, हृदय मोठी शस्त्रक्रिया सोसणार नाही असं. अशा वेळी गाठ थोडी थोडी जाळून शौचाची वाट मोकळी करता येते, रक्तस्रावही थांबवता येतो. कर्करोग मात्र तिथेच राहतो. गाठ पुन्हा वाढते आणि काही आठवड्यांनी पुन्हा लेसर घ्यावा लागतो. किरण खोल गेला तर आतड्याला भोक पडण्याचा धोका वेगळाच. पुढे वाट उघडी ठेवणारे धातूचे स्टेंट आले, वायूच्या झोतातून वीज नेणारं स्वस्त आर्गॉन प्लाझ्मा तंत्र आलं, आणि बऱ्याच एंडोस्कोपी विभागांतून लेसर मागे पडला.