डिस्चार्ज बुकात अम्मीचं नाव वेगळं, आधारवर वेगळं? अब्बा हयात आहेत तोवर दुरुस्त करून घ्या

डिस्चार्ज बुकात 'शहनाज बी', आधारवर 'शेख शहनाज बेगम' आणि बँकेच्या पासबुकात नुसतंच 'शहनाज महेबूब'. बाई एकच, नावं तीन. नांदेड-लातूरकडे माजी सैनिकांची अशी घरं शोधावी लागत नाहीत. अब्बांची पेन्शन दर महिन्याला येते, त्यामुळे या फरकाकडे कुणाचं लक्ष जात नाही. खरी अडचण अब्बांच्या इंतेकालनंतर येते. कौटुंबिक पेन्शन ज्या नावाने मंजूर आहे तीच बाई आपण आहोत, हे अम्मीला सिद्ध करत बसावं लागतं.

चूक बहुतेक वेळा भरतीच्या किंवा लग्नाच्या नोंदीची असते. 'शेख' इंग्रजीत चार तऱ्हेने लिहिला जातो. त्यात आपल्याकडे 'शेख अमुक शेख तमुक' अशी नाव सांगायची पद्धत, म्हणजे पहिलं नाव कोणतं आणि आडनाव कोणतं हे बाहेरच्या क्लार्कला कळायचं कसं?

एक गोष्ट आधी समजून घ्या. डिस्चार्ज बुक ही तुमच्या हातातली प्रत आहे, मूळ नोंद रेकॉर्ड ऑफिसात असते. त्यामुळे बुकात पेनाने खाडाखोड करू नका, उलट संशय वाढतो. प्रत्येक रेजिमेंटचं रेकॉर्ड ऑफिस वेगळं असतं. मराठा लाईट इन्फंट्रीचं बेळगावला, तोफखान्याचं नाशिक रोडला, ग्रेनेडियर्सचं जबलपूरला. अब्बा कोणत्या रेजिमेंटमधून निवृत्त झाले ते बुकावरच लिहिलेलं असतं.

सुरुवात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून करा. नांदेड आणि लातूर, दोन्हीकडे ते आहे. नाव बदलायचा अधिकार या कार्यालयाला नाही, पण अर्ज कसा करायचा, कोणत्या कागदावर कुणाची सही लागते, हे तिथे सांगतात. त्यासाठी एजंटला पैसे द्यायची गरज नाही. अर्ज माजी सैनिकाच्याच सहीने जावा. त्यात सर्व्हिस नंबर, हुद्दा, पीपीओ नंबर, आत्ता नोंदलेलं नाव आणि बरोबर नाव स्पष्ट लिहा. सोबत प्रतिज्ञापत्र, आधार, पॅन, बँक पासबुक आणि दोघांचा एकत्र फोटो. नावात मोठा फरक असेल तर वर्तमानपत्रातली जाहिरातही मागितली जाते. रेकॉर्ड ऑफिसने मान्य केलं की नोंद बदलते आणि दुरुस्त पीपीओ निघतो, त्याला कॉरिजेंडम म्हणतात. पेन्शन स्पर्श प्रणालीवर आली असेल तर तिथल्या प्रोफाइलमध्येही नाव बदललं का, हे स्वतः लॉगिन करून बघा.

अर्जाआधी आधार, पॅन आणि बँक या तिन्हींवर एकच स्पेलिंग करून घ्या. हे न करता अर्ज पाठवला तर तो परत येतो आणि दोन-चार महिने वाया जातात.

निकाहनामा उर्दूत असेल तर मराठी किंवा इंग्रजी भाषांतर प्रमाणित करून जोडा. ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेत १९९८ च्या राज्य कायद्याखाली लग्नाची नोंद झालेली असेल तर काम बरंच सोपं होतं.

सैनिकाच्या स्वतःच्या जन्मतारखेचं मात्र वेगळं आहे. नोकरी संपत आल्यावर किंवा संपल्यावर ती बदलून मिळणं जवळजवळ अशक्य. सर्वोच्च न्यायालयानेही अशा उशिराच्या मागण्या वारंवार नाकारल्या आहेत. पत्नी आणि मुलांच्या तारखा कागदपत्रांवर दुरुस्त होऊ शकतात.

याहून मोठी लढाई डिस्चार्जच्या कारणाची. आजारामुळे घरी पाठवलं, पण 'आजाराचा नोकरीशी संबंध नाही' असा शेरा मारला, म्हणून अपंगत्व पेन्शन नाही. धरमवीर सिंग प्रकरणात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो नोकरीत झाला असं सर्वसाधारणपणे मानावं, उलट सिद्ध करायची जबाबदारी सरकारची. त्यामुळे मेडिकल बोर्डाचे कागद हवेतच. ते नसतील तर १० रुपयांच्या माहिती अधिकार अर्जाने रेकॉर्ड ऑफिसकडे मागा. आधी खात्याकडे अपील, मग सशस्त्र दल न्यायाधिकरण, त्याचं एक खंडपीठ मुंबईत आहे. अंतिम नकारानंतर सहा महिन्यांत तिथे जायचं असतं. पेन्शनच्या प्रकरणात उशीर माफ होऊ शकतो, पण २००८ च्या तरसेम सिंग निकालानंतर थकबाकी साधारण मागच्या तीन वर्षांचीच मिळते. म्हणजे वाट पाहिली तेवढं नुकसान.

आणि ज्या घरात अब्बा आता नाहीत, तिथे इद्दत संपेपर्यंत थांबायचं कारण नाही. मृत्यूचा दाखला काढणं, बँकेला आणि रेकॉर्ड ऑफिसला कळवणं हे मुलगा किंवा भाऊ करू शकतो. अम्मीची सही लागेल ते कागद घरी आणून सही घेता येते. अब्बांच्या खात्यात त्यानंतरही पेन्शन जमा झाली तर ती काढू नका, नंतर वसुली निघते.